आधी रंग, मग मेण

जहाज त्याचं आणि दोरा तिचा, ही त्या घरातली चाळीस वर्षांची वाटणी. म्हातारा हातभर लांबीची लाकडी जहाजं करायचा आणि त्यांच्या डोलकाठ्यांना लागणारा दोरा म्हातारी तयार करून द्यायची. सुती दोरा उकळून खळ काढायची, वजन टांगून ताणायचा, कोऱ्या चहात रंगवायचा, वाळला की मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन नेऊन लव जाळायची आणि सगळ्यात शेवटी मधमाश्यांचं मेण. जवळून बघणाऱ्यालाही वाटावं, खऱ्या जहाजाचा दोरखंडच आटून एवढासा झालाय.

अलीकडे मात्र ती गॅस पेटता ठेवून विसरायची, शेजारणीला आत्या म्हणायची. लेक म्हणाली, "बाबा, आता तुमच्या एकट्याच्याने होणार नाही. आईला वृद्धाश्रमात ठेवूया."

"आधी तिच्या हातचा दोरा बघ, मग बोल," म्हातारा उसळला. "डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचं काम आहे का ते?"

"बरं. रविवारी येते, तेव्हा दाखवा."

चार दिवस म्हातारी कामात गढली होती. त्याने मुद्दामच त्यात नाक खुपसलं नाही. उद्या लेक म्हणायची, तुम्हीच शिकवलंत. रविवारी सकाळी म्हातारीने रीळ त्याच्या पुढ्यात ठेवलं. दोऱ्यावर चट्टेच चट्टे. तिने आधी मेण लावलं होतं आणि मग चहात बुडवलं होतं.

नवा करायला वेळ कुठला? लांबून कळणार नाही, अशी मनाची समजूत घालत त्याने तोच बांधायला घेतला. लेक आली तेव्हा पुढची डोलकाठी झाली होती.

म्हातारी चष्मा सावरत जहाजावर वाकली. "अहो, हा दोरा कुठल्या शहाण्याने केला? मेणावर कधी रंग चढतो का?"

"मी केला," म्हातारा म्हणाला.

"तरीच! मला सांगायचंत की, हातासरशी करून दिला असता."

लेकीची नजर आईच्या बोटांवर गेली. चहाने तपकिरी झालेली बोटं, नखांत मेण. ती आत गेली, कपाट उघडलं आणि आईचे कपडे बॅगेत भरायला लागली. तिला अडवायला म्हाताऱ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.