हजेरीवर मिळालेली ढाल

नीलम चौगुले बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात गणित शिकवायची, आणि रविवारी दुपारी सांबऱ्याच्या घरी गेम खेळायची. कन्सोल खरं तर धाकट्या भावानं, सौरवनं, हौसेनं आणलेला. पण फाउंड्रीतली पाळी करून आला की तो अर्धा तास खेळून तिथंच पेंगायचा. हळूहळू ते यंत्र नीलमचं झालं. चौतिसाव्या वर्षी हा काय पोरखेळ, असं स्टाफरूममधल्या बायका म्हणायच्या. नीलम ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

‘काळखिंड’ नावाच्या गेममध्ये शेवटी एक चढण होती. सात दरवाजे, प्रत्येकावर पहारा. एकही घाव न खाता वर पोचायचं, चुकलं की परत पायथ्यापासून. पोचणाऱ्याला पांढरी ढाल मिळायची. तिनं ताकद वाढत नव्हती, काही नाही. ती नुसती गेममधल्या आपल्या गड्याच्या पाठीवर दिसायची.

नीलमला तीन महिने लागले. पहारेकरी किती आकडे मोजल्यावर वळतो, पुलाची कुठली फळी तुटते, सगळं तिनं चौकटीच्या वहीत मांडलं होतं. त्रेसष्टाव्या खेपेला ती वर पोचली आणि एवढ्यानं ओरडली की आई, जयाबाई, पिठाच्या हातानंच धावत आली.

“काय झालं गं? पडलीस?”

“ढाल मिळाली, आई!”

जयाबाईंनी टीव्हीकडं बघितलं. “बरी हाय की,” म्हणाल्या आणि भाकरी करपायच्या आत परत गेल्या.

गेममध्ये एक चौक होता, तिथं देशोदेशीचे खेळाडू भेटायचे. ढाल दिसली की लोक थांबायचे, मान लववायचे. एकानं तर तलवार खाली ठेवली. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी आपला अर्ज आपणच करायचा असतो हे कळल्यावर नीलमनं तो नाद केव्हाच सोडला होता. या ढालीला कुणाची शिफारस लागली नव्हती. चौकातून जाताना ती मुद्दाम सावकाश चालायची.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी ती शाळेतून आली, तेव्हा सौरव खेळत होता. त्याच्या खात्यावरच्या गड्याच्या पाठीवर पांढरी ढाल होती.

“तू चढण केलीस?” तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. “कधी रं?”

“चढण कोण करतंय, आक्का! आता हजेरीवर मिळती. सात दिवस रोज नुसता गेम चालू करायचा. आज सातवा.”

नीलमनं त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि चौकात गेली. जिकडं तिकडं पांढऱ्या ढाली. ज्यांना धड उडी मारता येत नव्हती, भिंतीला धडकत होते, त्यांच्याही पाठीवर. मान कुणीच लववत नव्हतं.

“हजेरीवर?” तिचा आवाज चढला. “रोज वर्गात येऊन बसतो म्हणून पोराला पैला नंबर देऊ काय मी?”

“एवढं काय त्यात? चित्र हाय ते.”

“चित्र हाय तर तीन महिने मी काय करत होते?”

आता सौरवही चिडला. “तुला सुट्ट्या असत्यात. मी भट्टीपुढनं येतो, अंगात जीव नसतोय. मला बी जरा बरं दिसावं वाटलं तर तुझं काय गेलं?”

“मग तांबडी घे, हिरवी घे, सोन्याची घे! कंपनीला दुसरी करायला काय धाड भरली होती? तीच का? ती बघून माणसाला कळायचं, हा वर जाऊन आलाय. आता काय कळतंय? रोज बटण दाबतोय, एवढंच.”

दारात उभ्या जयाबाईंना गेममधलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. “कुस्ती न धरताच फेटा बांधून घेतलास व्हय रं?” त्या म्हणाल्या.

सौरव उठून जेवायला गेला.

नीलमनं त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, मुद्दे घालून, दोन पानं. रोज यायची सवय लावायला बक्षीस वाटता, तर त्याला बक्षीस म्हणू नका, असं शेवटी लिहिलं. मिनिटभरात उत्तर आलं. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, भेट म्हणून पाचशे मोहरा तुमच्या खात्यात जमा केल्या आहेत.

तिनं ते दोनदा वाचलं. पत्र कुणी वाचलंच नव्हतं, आणि वर तिच्या तोंडात खाऊ कोंबला होता. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात तिनं एका पोरीला कारण नसताना झापलं, आणि घरी येईपर्यंत स्वतःचीही चीड येत राहिली. त्या चौकात ती पुन्हा गेली नाही.

रविवारी ती पेपर तपासत बसली होती. बाहेरच्या खोलीत सौरव खेळत होता. बराच वेळ आवाज नाही, मग एक शिवी. परत शांत, परत शिवी. ती पाणी प्यायला म्हणून बाहेर आली. तो चढणीवर होता, पाठ मोकळी. चौथ्या दरवाजाशी घाव बसला आणि तो पायथ्याशी येऊन पडला.

“कितवी खेप?” तिनं विचारलं.

“एकोणीस.” त्यानं मान वर केली नाही. “ह्या चौथ्याला तू काय केलतंस, आक्का?”

तिचा राग अजून उतरला नव्हता. कंपनीवरचा तर उतरणारच नव्हता.

“बघ की तुझं तू,” ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या शेजारी खाली बसली.