बोटभराची भेग

माझा नवरा नास्तिक आहे हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. तो कसला नास्तिक आहे हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते कळायला पुणं सोडून बंगळूरला संसार थाटावा लागला.

अरविंद सरकारी कारखान्यात विमानाच्या इंजिनांचे भाग तपासायचा. धातूच्या पोटात कुठे भेग आहे का हे ध्वनिलहरी सोडून बघायचं आणि शेवटी कागदावर सही करायची. त्या सहीच्या भरवशावर कुणीतरी आभाळात जायचं. इतक्या वर्षांत त्याने ‘भेग नाही’ असं एकदाही लिहिलं नव्हतं. ‘या पद्धतीने, या मापापर्यंत भेग आढळली नाही’ असं लिहायचा. नव्या साहेबांनी विचारलं, एवढं पाल्हाळ कशाला? तर म्हणाला, केसाएवढी भेग माझ्या यंत्राला दिसतच नाही, मग ती नाही म्हणून मी सही कशी करू?

देवाच्या बाबतीतही त्याचं हेच. आढळला नाही, म्हणायचा. त्यामुळे हा माणूस ना घरचा ना घाटचा. गांधी बझारजवळ दर रविवारी बुद्धिवाद्यांची बैठक भरायची. तिथे प्राणेश नावाचा एक तरुण वकील टेबलावर मूठ आपटून सांगायचा की देव शंभर टक्के नाही. अरविंदने शांतपणे विचारलं, कशाने तपासलंत? तेव्हापासून बैठकीचं बोलावणं बंद झालं. माझ्या माहेरच्यांचं उलटं. खात्री नाही ना, मग तुम्ही अर्धे आस्तिकच की, म्हणून त्याला सत्यनारायणाला पाटावर बसवायला बघायचे. तो हसून नको म्हणायचा आणि प्रसादाचा शिरा मात्र दोनदा मागून घ्यायचा. मी रोज दिवा लावणारी, संकष्टी करणारी बाई. मलासुद्धा वाटायचं, एकदा काय ते ठरव बाबा. असल्या काठावरच्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

आम्ही बसवनगुडीत हंबीररावांच्या माडीवर भाड्याने राहायचो. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं. बोलणं मराठीच, पण कन्नडात चांगलं मुरलेलं. त्यांच्या बायको रत्नाबाई अरविंदपेक्षा वयाने मोठ्या, तरी त्याला अण्णा म्हणायच्या. गॅस गळतोय का बघायचा असो की डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून घ्यायचा असो, त्या जिना चढून वर यायच्या. अण्णा जे नाही ते सांगत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांचा नातू रणवीर. तो झाला तेव्हा रत्नाबाईंनी नवस बोलला होता की याचं जावळ तुळजापूरला आईच्या पायाशी काढीन. आधी कावेरीच्या पाण्यावरून झालेल्या दंगलीत गाड्या बंद पडल्या. मग हंबीररावांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तेवढ्यात उन्हाळ्यात पोराच्या डोक्यात गळवं उठली आणि डॉक्टर म्हणाले, केस काढा. न्हाव्याला घरी बोलावून जावळ काढलं. रत्नाबाईंनी ते हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं. केस तर जपलेत, दसऱ्याला नेऊन आईला वाहू, असा त्यांनी तोडगा काढला. दसऱ्याच्या आधीच रणवीर मेंदूज्वराने गेला.

त्यानंतर रत्नाबाई रडल्या नाहीत. घरात कुणाला काही बोलल्याही नाहीत. पण सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांनी स्वतःला दोषी धरलं होतं.

पुढे त्यांच्या सुनेला, भव्याला, पुन्हा दिवस गेले. आठव्या महिन्यात अंगावरून जाऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायचं नाही, प्रवासाचं तर नावही काढायचं नाही, असं बजावलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात रत्नाबाईंनी सोलापूरच्या बसची तिकिटं काढली. भव्याला घेऊन तुळजापूरला जायचं, तिच्या हातून ते जावळ वाहायचं आणि आईची माफी मागायची. बाळंतपण झाल्यावर जा, असं हंबीररावांनी हात जोडून सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर एकच होतं, पुढे ढकललं म्हणूनच तर पहिला गेला. भव्या बिचारी पलंगावरून म्हणत होती, जाते मी, मला काही होत नाही. बसच्या धक्क्यांनी काय होईल हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, रत्नाबाई वर आल्या. खुर्चीवर न बसता जमिनीवर बसल्या.

“अण्णा, स्वल्प नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “देव नाही म्हणता ना तुम्ही? मला खात्रीनं सांगा. नाही म्हणजे नाहीच. मग मी तिकिटं परत करते.”

मी चहाचं आधण ठेवलं होतं ते तसंच सोडून दारात आले. मला वाटलं, म्हण ना रे. दोन शब्द. तुझं काय जातंय? पोटातलं पोर वाचेल. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

“रत्नाबाई, देव नाहीच असं मला सांगता येणार नाही,” तो म्हणाला. “तेवढं मी तपासलेलं नाही. कुणीच तपासलेलं नाही.”

अशी चीड आली मला! माणूस खरा असावा, पण इतका? रत्नाबाई ‘सरी, बरं’ म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

“बसा,” अरविंद म्हणाला. “माझं झालेलं नाही अजून.”

मग त्याने त्यांना आपलं काम समजावून सांगितलं, एखाद्या शिकाऊ इंजिनियरला सांगावं तितक्या मन लावून. केसाएवढी भेग यंत्रातून निसटू शकते, म्हणून मी ‘भेग नाही’ असं लिहीत नाही. पण बोटभराची भेग असेल तर ती दिसतेच. दिसली नाही, तर ती नाही. तिथे मी छातीठोकपणे सांगतो. कुठेतरी, कसातरी देव असेल, तर तो केसाएवढ्या भेगेसारखा, माझ्या आवाक्याबाहेरचा. पण जावळ वेळेवर मिळालं नाही म्हणून पोराचा जीव घेणारी देवी ही बोटभराची भेग आहे. ती असती तर घरोघरी दिसली असती.

त्याने त्यांनाच विचारलं, तुमच्या नात्यात कुणाकुणाचे नवस राहिलेत? रत्नाबाई सांगू लागल्या. बहीण पद्मावती, तिचा दोन्ही मुलांसाठी बोललेला राहिलाय. मुलं स्कूटरवरून कामाला जातात. सासूबाईंचा तर हंबीररावांसाठीच बोललेला होता, तो कधी फिटलाच नाही. ते खाली पेपर वाचत बसले होते. बोलता बोलता त्या थांबल्या.

“आणि रणवीर गेला त्याच महिन्यात, त्याच तापाने कोपऱ्यावरच्या देवळातल्या जयतीर्थ पुजाऱ्यांची नात गेली,” अरविंद हळू आवाजात म्हणाला. “त्यांच्या घरी कुठला नवस राहिला होता?”

 रत्नाबाईंनी मान वर केली.

“हे नक्की?”

“नक्की.”

“मग देवश्रीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणा.”

देवश्री आमची एकुलती एक. आतल्या खोलीत अभ्यास करत होती. आमच्या घरात शपथेला बंदी होती. शपथेने काही सिद्ध होत नाही, हे अरविंदचं नेहमीचं. आता तो तेच म्हणणार असं मला वाटलं. पण त्याने माझ्याकडे बघितलं.

त्याला शपथेची भीती नव्हती. उद्या देवश्रीला साधा ताप आला तरी दिवा लावणारी ही बाई आपल्याकडे कसं बघेल, हे त्याला कळत होतं. मुलगी माझीही होती, आणि देव तर माझाच होता. म्हणून तो मला विचारत होता. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्याआधी कधीच वाटला नव्हता. पोटातलं पोर वाचवायलाही तो खोटं बोलला नव्हता, आणि जे खरं वाटलं तेही माझ्या लेकीच्या डोक्यावर माझ्याशिवाय ठेवत नव्हता.

आणि मला माझंच उत्तर द्यायचं होतं. मी दिवा लावते तो कुणासमोर? फडक्यातल्या केसांवरून पोरं उचलणारीसमोर?

मी देवश्रीला हाक मारली. ती पेन्सिल हातात घेऊनच आली. मी तिला त्याच्यापुढे उभं केलं, त्याचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.  मी त्यावर माझा ठेवला.

“जावळासाठी पोर मारणारी देवी नाही,” अरविंद म्हणाला. “नाहीच.”

रत्नाबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“अक्का, तुम्ही दिवा लावता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पण म्हणता?”

“मी पण म्हणते,” मी म्हणाले.

तेव्हा त्या रडल्या. रणवीर गेल्यानंतर पहिल्यांदा, तिथेच, आमच्या जमिनीवर.