पेपरातला भाव कालचा असतो

घरात मला लवंगी म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला मान्य आहे. पण पुराव्याशिवाय मी कुणावर चढत नाही. रक्त तपासायच्या लॅबमध्ये माझी अठरा वर्षं गेली. तिथं आकडा आला की विषय संपतो. साखर दोनशे म्हणजे दोनशे, मग पेशंट कितीही गोड बोलो. त्या शनिवारी काकूकडे निघाले तेव्हा माझ्याकडे असाच एक आकडा होता.

झालं असं. आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिचं कपाट आवरताना एका साडीच्या घडीत चिठ्ठी सापडली, काकूच्या अक्षरात. बावीस वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली: 'वहिनी, तुमच्यासाठी दोऱ्याच्या कंपनीचे दहा शेअर घेतले. भाव ९६०. एकूण ९६००. पोचले.' त्या शेअरबद्दल मला माहीत होतं. आईनं घरखर्चातून काडीकाडी करून साठवलेले ते पहिले पैसे. शेअरबाजारातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिनं ते धाकट्या जावेच्या हातात दिले.

सहज म्हणून मी मोबाइलवर त्या कंपनीचे जुने भाव काढले. आता सगळं मिळतं, तारीख टाकायचा अवकाश. त्या दिवसाचा नीचांक १९३, उच्चांक १९६. मी चष्मा पुसला, तारीख परत टाकली. तेच. म्हणजे जी वस्तू १९५ च्या आसपास मिळत होती, तिचे काकूनं आईकडून ९६० घेतले! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग आठवलं, त्याच वर्षी काकूच्या शिवणाच्या दुकानात नवं ओव्हरलॉक मशीन आलं होतं. झालंच की मग!

रात्रभर थांबायचा धीर कुठला? संध्याकाळीच दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्या उलट, बर्फाची लादी. तो एवढंच म्हणाला, "नीट बघ. खरं असेल तर त्या घराची पायरी आपण दोघांनीही चढायची नाही." फोन ठेवला आणि मला भडभडून आलं. बाबा आधीच गेले होते, आता आई गेली. माहेर म्हणून उरलं होतं ते काकूचं दुकान आणि त्यामागच्या तिच्या दोन खोल्या. ती बाई चोर निघाली तर मी जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी पोचले तेव्हा काकू कोटाचं अस्तर जोडत होती. तोंडात टाचण्या, नाकावर चष्मा, पाय मशीनवर. मला बघून तिनं भुवईनंच स्टूल दाखवलं. मी बसले नाही. चिठ्ठी कटिंगच्या टेबलावर आपटली, शेजारी मोबाइल ठेवला.

"हे काय आहे, काकू?"

तिनं टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. चिठ्ठी वाचली. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचला. आणि मग, देवाशपथ सांगते, ती खुशीत आली.

"अरे वा, तू भाव बघायला शिकलीस! तुझ्या आईला किती वर्षं सांगत होते, वहिनी, स्वतः बघत जा."

"विषय बदलू नकोस. तू आईला फसवलंस का?"

बोलून गेले. दुकानात एक गिऱ्हाईक बाई होत्या, त्यांनी बटणांच्या खोक्यात मान घातली. काकूनं त्यांना त्यांचं काम देऊन वाटेला लावलं, दार लोटलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली. चिडेल, रडेल, ओरडेल, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. तिनं उलट मलाच विचारलं, "आईच्या खात्यात आज शेअर किती आहेत?"

"पन्नास."

"चिठ्ठीत किती?"

"दहा."

"मग चाळीस कुठून आले गं?"

"आईनं नंतर घेतले असतील."

"तुझी आई? जी माझ्याशिवाय सुईतसुद्धा दोरा ओवत नव्हती?"

काकू उठली आणि फळीवरून मापांच्या वह्या काढू लागली. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, गिऱ्हाइकांची छाती-कंबर-बाही लिहायच्या. तिनं वही उलटी करून मागच्या बाजूनं उघडली. तिथं मापं नव्हती. तारखा होत्या, रोजच्या. तारखेपुढं दोऱ्याच्या कंपनीचा बंद भाव, त्यापुढं उलाढाल, म्हणजे त्या दिवशी किती रुपयांचे शेअर हातोहात गेले ते, आणि शेवटी एखादा शब्द. 'निकाल.' 'लाभांश.' 'संप.' 'संप मिटला.' 'काही नाही.' 'काही नाही' सगळ्यात जास्त वेळा. अशा बावीस वर्षांच्या सात वह्या! मी लॅबमध्ये रोज रजिस्टर लिहिते, ते पगार मिळतो म्हणून. ही बाई दुकान सांभाळून, दोन पोरींची लग्नं लावून, काकांच्या आजारपणातही एक दिवस न चुकता लिहीत होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तेवढं अक्षर मोठं झालं होतं.

तिनं नऊ वर्षांपूर्वीचं पान काढलं. वरच्या ओळीत भाव २४१०. खालच्या ओळीत ४८४.

"अगं बाई! एका दिवसात पाचवा हिस्सा?"

"घाबरलीस ना? आता पुढचा रकाना बघ. उलाढाल नेहमीइतकीच. घरात आग लागली असती तर लोक पळाले नसते का? कुणी पळालं नाही. म्हणजे आग नव्हती." तिनं टेबलावरची चिंधी उचलली आणि कात्रीनं तिचे पाच तुकडे केले. "कंपनीनं एका शेअरचे पाच केले. कापड तेवढंच, तुकडे पाच. दहाचे पन्नास झाले आणि भाव पाचात वाटला गेला."

"पण बावीस वर्षांपूर्वी तर तुकडे झालेच नव्हते ना? मग तेव्हाचा भाव १९५ कसा?"

"हो. पण मोबाइलवाले आधीचे सगळे भावही पाचानं भागून दाखवतात. नाहीतर त्या दिवशी कंपनी बुडाली असंच तुझ्यासारखीला वाटेल. आणि ते तसं लिहितातसुद्धा. बघ खाली."

मी पान खाली सरकवलं. मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती: 'सर्व भाव शेअर विभाजनानुसार समायोजित.' अठरा वर्षं मी पेशंटना रिपोर्टाखालची बारीक अक्षरं वाचायला सांगत आलेय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक भाव म्हणजे एक माप," काकू म्हणाली. "एका मापावर कोट शिवतात का? कंपनी घ्यायची तर तिची वर्षानुवर्षं बघायची. संपात किती पडली, किती दिवसांत उठली, तुकडे कधी झाले, लाभांश चुकला का. या कंपनीचा दोरा माझ्या मशीनवर तुटत नव्हता, म्हणून मी तिच्याकडे वळले. पण घेण्याआधी वाचनालयात बसून पाच वर्षांचे जुने पेपर चाळले होते मी. दुकान बंद करून. तुझे काका म्हणायचे, बायको हातची गेली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. सातवी शिकलेली माझी काकू. आमच्या लॅबचे डॉक्टर शेअरवर तासभर बोलतात, पण इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यावर मी माफी मागून चहा प्यायला हवा होता. पण स्वभावाला औषध आहे का? आकडा दिसला की मी पडताळणारच. मोबाइलवर गुणाकार केला. १९३ गुणिले पाच, ९६५.

"काकू, तरी जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"त्या दिवशीचा नीचांक ९६५ येतो. म्हणजे ९६५ च्या खाली त्या दिवशी कुणालाच शेअर मिळाला नाही. तू ९६० लिहिलंस. ९६० ला तू घेतलास कसा?"

आणि तेव्हा काकूचा चेहरा पडला. चोर म्हटल्यावर न चिडलेली बाई एकदम फणकारली, "ठेव तो फोन. बावीस वर्षांपूर्वीचं काय उकरत बसलीयस? चहा टाकते."

मी काय सोडते! पहिली वही ओढली. पुठ्ठ्याच्या आत ब्रोकरची पावती चिकटवलेली होती. दहा शेअर, भाव ९७२, एकूण ९७२०. पावतीखाली लाल पेनानं, दोनदा अधोरेखित: 'पेपरातला भाव कालचा असतो.' आणि वहीची पहिली तारीख त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"काकू?"

ती स्टोव्हकडेच तोंड ठेवून बोलली. "सकाळच्या पेपरात ९६० बघून मी वहिनींना सांगितलं, बरोबर नऊ हजार सहाशे द्या. त्यांनी मोजून तेवढेच आणले, रुमालात गाठ मारून. ब्रोकरकडे गेले तर भाव चढलेला. पेपरात काल बंद झाला तेव्हाचा भाव असतो, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. चूक माझी. भुर्दंड त्यांना कशाला? त्यांना सांगितलं असतं तर त्या दहाचे नऊ घ्या म्हणाल्या असत्या आणि आठ दिवस झोपल्या नसत्या. वरचे एकशे वीसच तर होते, ते मी घातले. चार शर्टांची शिलाई. पण परत अशी चूक व्हायला नको, म्हणून दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसले."

"आणि ओव्हरलॉक मशीन?"

"त्याचे हप्ते तीन वर्षं फेडले गं बाई. तेही दाखवू?"

मला रडू आवरेना. "काकू, मी तुला चोर समजले."

"समजलीस. पण विचारायला आलीस ना? मनात धरून घरी बसली असतीस तर मला कधी कळलं असतं, माझी पोर का येईनाशी झाली ते?" असं म्हणून तिनं माझ्या हातात कप दिला आणि दुसऱ्या हातानं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं, लहानपणी धरायची तसं.

तेवढ्यात फोन वाजला. दादा. त्याला दम धरवत नव्हता तर!

"गेलीस का? काय निघालं? किती खाल्ले?"

"एकशे वीस," मी म्हणाले.

"एवढेच?"

"तिनं नाही रे दादा. आपण."

मी पावती, ९६५, ९७२, सगळं सांगितलं. मग बर्फाची लादी फुटक्या आवाजात म्हणाली, "काकूला फोन दे."