सहा इंजिनांचा आवाज

खाणीला वीज देणाऱ्या सहाव्या इंजिनाची दांडी मिस्त्रीने खाली ओढली आणि हात तसाच तिच्यावर ठेवून तो उभा राहिला. इंजिन दोनदा हादरलं, खोकलं आणि गप्प झालं. दिवे विझले नाहीत. निदान एकदा तरी मिचकावतील, असं त्याला उगाच वाटलं होतं.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं."

मॅडम म्हणजे नव्या अणुभट्टीवरच्या इंजिनिअर, त्याच्या मुलीच्या वयाच्या. दुमजली घराएवढी ती भट्टी ट्रकवरून सुटी सुटी आली, खाणीशेजारी जमिनीत बसली, आणि आता ना धूर ना धडधड. चार दिवस ओसाड रस्ता तुडवत येणारे डिझेलचे टँकरही बंद.

"पाच वर्षं काही खायला मागणार नाही ही," मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

"असली पाहुणी काय कामाची? खायला मागत नाही ती बोलायचीही नाही."

मॅडम हसल्या. मग त्यांनी एक कागद पुढे केला. एक इंजिन अडीअडचणीला ठेवायचं होतं, आणि ते आठवड्यातून दहा मिनिटं चालवायला एक माणूस. मिस्त्रीने राहायचं की कायमचं घरी जायचं, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं.

"संध्याकाळपर्यंत सांगा, काका," म्हणून त्या गेल्या.

अकरा वर्षं दर रविवारी चार वाजता तो याच शेडमधून बायकोला फोन करत आला होता. खोलीतूनही करता आला असता. पण फोन ठेवताना ती विचारायची, "कधी येताय?" आणि हा ओरडायचा, "काय? इंजिन चालू आहे, ऐकू येत नाही!" आणि ठेवून द्यायचा. ऐकू सगळं यायचं. सुट्टीत घरी गेलं की चहाचा डबा कुठे आहे तेसुद्धा विचारावं लागायचं. घर त्याच्यावाचून सुरळीत चाललेलं असायचं. इथे निदान सहा इंजिनं तरी त्याचं ऐकायची. घरी जायची भीती वाटायची त्याला, दुसरं काही नाही. पण हे बायकोला कोण सांगणार?

आज तिने विचारलं की लगेच 'येतो' म्हणायचं, असं ठरवूनच त्याने चार वाजता शेडमधून फोन लावला.

"अहो, आज आवाज कसा नाही? ठीक आहे ना सगळं?"

"इंजिनं बंद केली. आता भट्टीवर चालतं."

"अगंबाई! तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतोय."

त्यालाही तिकडचं सगळं ऐकू येत होतं, शिलाई मशीनची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. ती बोलत राहिली. गळका नळ बसवून घेतला. लेकीला बढती मिळाली. मागच्या खोलीतली त्याची खाट माळ्यावर टाकली, तिथे आता चार बायका शिवण शिकायला येतात. तो हं हं करत वाट पाहत होता. विचार ना, बाई, विचार एकदाचं.

"बरं, ठेवू मग?"

"अगं, थांब. आज विचारलं नाहीस?"

"काय?"

"कधी येताय ते."

मशीन थांबलं.

"लेकीच्या निकालाचं सांगितलं की तुम्हाला लख्ख ऐकू यायचं. कधी येताय म्हटलं की नेमकं इंजिन भडकायचं," ती म्हणाली. रागाने नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "मागच्या उन्हाळ्यापासून मी विचारतच नाही. तरी तुमचं आपलं दर रविवारी चालूच, ऐकू येत नाही, ऐकू येत नाही."

मिस्त्री स्टुलावर बसला. आपण वर्षभर कोणाला उत्तर देत होतो, हे त्याला कळेना. त्याने इंजिनावर तळवा टेकवला. ते अजून कोमट होतं. कागद खिशात टोचत होता.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.



"काय म्हणालात?" ती म्हणाली. "मशीन चालू आहे इकडे. ऐकू येत नाही."

मशीन केव्हाच थांबलं होतं. मिस्त्री उठला, घसा खाकरला, आणि त्या रिकाम्या शेडमध्ये सहाही इंजिनं चालू असल्यासारखा ओरडला, "मी येऊ का?"