काठावरचे ठिपके

मित्रांनो, माझा कप केव्हाच फुटला. मी मात्र अजून कामावर आहे. मी चिनीमातीची पांढरी बशी. भट्टीतून निघाले तेव्हा अंगावर काचेसारखी चकाकी होती. काही वर्षे मी चहाचे ओघळ झेलले. कप गेल्यावर माझी रवानगी कचऱ्यात होणार, असेच घरात सर्वांनी धरले होते. पण त्या घरच्या आत्याने मला उचलून खिडकीजवळच्या टेबलावर नेले.

आत्या बोटाच्या पेराएवढी माणसे रंगवायची. आगगाडीच्या प्रतिकृतींतले हमाल, प्रवासी, फलाटावर पेंगणारे म्हातारे. अ‍ॅक्रिलिक रंग नळीतून काढून तसाच लावला, तर एवढ्याशा चेहऱ्यावर तो लिंपल्यासारखा बसतो आणि नाकडोळे बुजून जातात. म्हणून तो आधी माझ्यावर पातळ केला जाई. कपड्यांच्या पहिल्या हातासाठी थोडे पाणी पुरे. चेहऱ्यासाठी मात्र आत्या बिनचकाकीच्या मॅट मिडियमची बाटली उघडायची. मिडियम म्हणजे बिनरंगाचा रंगच म्हणा ना! चिकटपणा तोच, फक्त रंगाची पूड नाही. त्याने रंग पातळ होतो, पण पकड सोडत नाही.

आणि एक शिस्त होती. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका आधी माझ्या काठावर. तो सुकेपर्यंत आत्या पुतळ्याला हात लावायची नाही.

"ही बशी तोंडदेखलं बोलत नाही हं," असे ती आल्यागेल्याला सांगे. कौतुक कोणाला नको असते?

पुढे आत्याची नजर अधू झाली, हात थरथरू लागला. मला एका कुंडीखाली सरकवण्यात आले. माझ्या पोटात चिखल साचला, अंगावर मातीची वलये उमटली. बरेच दिवस तसेच गेले.

मग एका दुपारी आत्याच्या भाचीने मला ओढून काढले आणि खसाखसा धुतले. ही मुलगी कवळ्या बनवण्याच्या कामावर होती. हात स्थिर, कामाचा झपाटा दांडगा.

कारणही तसेच होते. आत्याचे यजमान, म्हणजे भाचीचे आतोबा, मालगाडीचे गार्ड होते. त्यांना जाऊन वर्ष झाले होते. जुन्या स्टेशनाची एक मोठी प्रतिकृती तयार होत होती आणि आत्याच्या ओतकाम करणाऱ्या मित्राने फोटोवरून आतोबांचा पुतळा ओतला होता. एकच, दुसरा ओतताना रबरी साचा फाटला. संध्याकाळी पुतळा न्यायला माणूस येणार होता. सकाळी प्रतिकृतीवर काच बसणार, ती पुन्हा उघडणार नव्हती.

"कपडे मी कसेबसे रंगवलेत," आत्या म्हणाली. "चेहरा तू कर. माझा हात आता माझं ऐकत नाही."

भाचीने रंगात भरपूर पाणी घातले. गालावर तो ठरेचना. ओघळून डोळ्यांच्या खाचांत साचला.

"आत्या, आतोबांचं नाक उघडं पडलं!"

"पुसून टाक, ओलं आहे तोवर. रंगाला आंघोळ घालतेस की काय? मिडियम घे. चकचकीतवालं नको, काचेखाली घाम फुटल्यासारखे दिसतील. हळू सुकणारंही नको, संध्याकाळपर्यंत चिकट राहील."

भाचीने मॅट मिडियम घेतले. ते दुधासारखे पांढरे असते. मिश्रण फिके दिसले, म्हणून तिने तपकिरी रंग वाढवला. तरी फिकेच. आणखी वाढवला.

"काठावर ठिपका ठेवलास?"

"वेळ कुठे आहे? रोज दातांचे रंग जुळवते मी."

"ही कवळी नाही गं!"

पण ब्रश गालावरून फिरलाही होता. मी सांगणार कसे? सुकताना मिडियमची दुधी झाक निघून जाते आणि खालचा रंग उघडा पडतो. बघता बघता आतोबांचा चेहरा काजळीने माखल्यासारखा झाला. घासून काढावा, तर सुरकुत्या झिजणार. वर जाड रंग द्यावा, तर त्या बुजणार.

भाचीचा चेहरा पडला. "आत्या, मी वाट लावली."

आत्याने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. मग म्हणाली, "खुर्ची ओढ. आता घाई नाही करायची."

फिक्या रंगाचा एक कण, मिडियम बरेच, पाण्याचा थेंब. ठिपका माझ्या काठावर. दोघी थांबल्या. सुकल्यावर रंग पिवळट निघाला, दुसरा ठिपका. तोही नको. नंतरचा जमला. तो झिरझिरीत रंग कपाळावर, नाकावर, गालांच्या उंचवट्यांवर थरावर थर चढत गेला. प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा. हळूहळू काळोखी फक्त सुरकुत्यांत उरली. डावा कान मात्र शेवटपर्यंत काळाच राहिला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे: ओल्या रंगावरून निकाल देऊ नका. आणि मला धुताना तारेची घासणी वापरू नका. ओरखड्यांत रंग अडकला, की खरा रंग कसा दाखवू?

दारावरची बेल वाजली. आत्याने भिंग डोळ्याला लावून पुतळा न्याहाळला.

"टोपी वाकडी?"

"फोटोत तशीच आहे, आत्या."

"माहीत आहे. जन्मभर सरळ करत आले मी ती."

तिचे बोट आपसूक टोपीकडे गेले.

"आत्या, कपाळ ओलं आहे अजून."

बोट तसेच हवेत थांबले. बेल पुन्हा वाजली.

"त्याला म्हणावं, जरा बस," आत्या म्हणाली. "हे आत्ताच कुठे घरी आलेत."