कडू चहाच्या सोबतिणी

मी साखर फोडायची हातोडी बोलतेय. पितळेची, वीतभर लांब, मुठीला थोडीशी नक्षी. फेज शहरातल्या एका तांबटाने मला घडवलं आणि सेफ्रू गावातल्या एका आईने लेकीच्या लग्नात संसाराच्या भांड्यांबरोबर मला दिलं. लेकीचं नाव तामू. खिळा ठोकणं माझ्या नशिबी कधी आलं नाही. आमच्याकडे साखर येते ती ढेपेच्या रूपात, सुळक्यासारखी, जाड निळ्या कागदात गुंडाळलेली. ती फोडायची आणि पुदिन्याच्या चहात पडणारे खडे पाहायचे, एवढंच माझं आयुष्य.

तामूच्या अंगणात दुपारी चौघी जमत. तामू, झहूर, इतो आणि बतूल. पुरुषांच्या पायघोळ झग्यांना लागणाऱ्या रेशमी गुंड्या त्या सुईने विणत. सुईबरोबर जीभ चाले आणि जिभेबरोबर किटली. चहाला जवळजवळ तार सुटायची, इतकी साखर.

मग तामूच्या पायाला चप्पल लागली आणि जखम भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “बाई, ही साखर बंद करा. नाहीतर पाय जाईल, आणि पाय गेला की पुढचंही फार लांब नसतं.”

तामूने ते अंगणात सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या सुया थांबल्या. सर्वांत आधी बोलली झहूर. तिचा आवाज मुळातच गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

“मग आजपासून सगळ्यांचीच बंद.”

“अगं, तुम्हाला काय झालंय?” तामू म्हणाली.

“काही झालं नाही म्हणूनच. तू एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसणार आणि आम्ही तुझ्यासमोर पाक ढोसणार? बरं दिसतं का?”

हातोडी तामूच्या घरात ठेवायचीच नाही, असं ठरलं. एकेक आठवडा एकेकीकडे. त्या दिवशी मी प्रथमच उंबरा ओलांडला, इतोच्या ओढणीत गुंडाळून.

पहिला फिका चहा मला अजून आठवतो. मी इतोच्या मांडीवर होते. तिने घोट घेतला आणि डोळे मिटले.

“इतो, तोंड बघ तुझं,” झहूर म्हणाली. “नवऱ्याने सवत आणल्यासारखं झालंय.”

“सवत आणली असती तर हा चहा तिलाच पाजला असता,” इतो म्हणाली, आणि चौघी इतक्या हसल्या की बतूलच्या हातची गुंडी उसवली.

गव्हाच्या पांढऱ्या पावाऐवजी सातूची भाकरी सुरू झाली. गल्लीच्या भट्टीवर काळसर भाकऱ्या पाहून भट्टीवाला विचारी, “दुष्काळ पडला का गं बायांनो?” झहूर उत्तर देई, “पडलाय, तुझ्या डोक्यात.” संध्याकाळी चौघी धबधब्याच्या वाटेने चालायला जात. तामू मागे पडली की बतूल काही न बोलता आपली चाल कमी करी. एकदा गोडाच्या आठवणीने तामूला रडू कोसळलं, अगदी लहान मुलीसारखं. कोणी उपदेश केला नाही. बतूलने पुदिना चुरगाळून तिच्या तळहातांना चोळला आणि म्हणाली, “घे, वास घे. वासाला बंदी नाही.”

माणसं एकमेकांसाठी एवढं करू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जखम भरली. तामूने पाय अंगणाच्या मधोमध पुढे केला, मेंदी लावलेली नवरी करते तसा, आणि झहूरने लग्नघरातल्या बायकांसारखी जीभ नाचवत उंच किलकारी दिली.

पुढच्या वर्षी झहूरच्या मुलाची सोयरीक ठरली. मुलीकडचे बोलणी करायला येणार होते. मी त्या आठवड्यात झहूरकडेच होते. पाहुण्यांना फिका चहा देणं म्हणजे आमच्याकडे त्यांना दार दाखवणं. झहूरने ढेप काढली. मी खाली आले, वर गेले, खाली आले.

तामूने आपल्या पेल्यावर हात ठेवला. झहूर हसत तिच्या कानाशी वाकली. “माझ्या पोराच्या सोयरिकीला एक पेला नाही घेणार? तुझ्यासाठी मी वर्षभर कडू गिळलंय हं.”

थट्टाच होती ती. पण तामूने पेल्यावरचा हात काढला.

मग इतोच्या नातवाचं बारसं आलं. “झहूरकडे चालतं, माझ्याकडे नाही?” इतो रुसली. मग बतूलचा भाऊ हज करून आला. तिथे तर बतूलने स्वतःच्या हाताने पेला तामूच्या ओठांना लावला. तीच बतूल, जी पुदिना चोळायची. आठवड्याची पाळी कधी मोडली, कोणाच्याच लक्षात आलं नाही. एके दिवशी मी पुन्हा तामूच्या स्वयंपाकघरात होते. “उद्यापासून परत सुरू करू,” त्या म्हणत, “चौघी मिळून.” धीर देण्यात त्या कधीच कमी पडल्या नाहीत. फक्त आता तो धीर पेला उचलायला मिळत होता. तिघींची शरीरं ते सोसत होती. चौथीचं सोसत नव्हतं.

तामूची मुलगी शामा मेकनेस शहरातून आली आणि आईवर चिडली. “तुला नाही म्हणता येत नाही?”

“कोणत्या तोंडाने म्हणू?” तामू म्हणाली. “काही झालेलं नसताना त्यांनी माझ्यासाठी सोडलं होतं गं.”

आधी अंगठा गेला. मग गुडघ्याखालचा पाय. आणि मग, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं, पुढचं फार लांब नव्हतं.

मयताच्या घरी आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही. साखर नेतात. तिघी एकत्र आल्या, प्रत्येकीच्या कडेवर निळ्या कागदातली ढेप, तान्हं मूल आणावं तशी. त्या रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. मी ते जवळून पाहिलंय.

शामा ढेपांकडे पाहत राहिली. “मावशी, साखर आणलीत?”

“मग काय आणायचं, बाळा?” झहूर म्हणाली. “लोक काय म्हणतील? तुझ्या आईचा मान आहे तो.”

शामाने मला फळीवरून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “मग तुम्हीच फोडा.”

झहूरने मला घेतलं. ती जमिनीवर बसली, ढेप पुढ्यात घेतली, पण तिचा हात काही वर जाईना. इतो भिंतीकडे पाहत होती. बतूलने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. मला वाटलं, आता ही मला खाली ठेवील. मी कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हा तेवढंच मागितलं.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, “कुराण पढणारे उठतायत. चहा झाला का?”

झहूरने साखर फोडली.

हल्ली मी मेकनेसला शामाच्या ओट्यावर असते. तिलाही आईचाच आजार निघालाय. ती साखर घालत नाही आणि कोणाला सांगतही नाही. सोबत किती गोड असते हे तिने पाहिलंय आणि त्या सोबतीची वसुली कशी होते हेही. तुम्ही कोणासाठी काही सोडलंत तर बोलून दाखवू नका, एवढंच मी म्हणेन. त्याला तुमच्या दारात नाही म्हणता आलं पाहिजे.

काल शेजारीण आली होती. चांगली वाटली, हसरी. “एकटीच काय बसतेस? दे की थोडा चहा.”

शामा उठून किटली झाकली जाईल अशी उभी राहिली आणि म्हणाली, “संपला.”

किटली फिक्या चहाने काठोकाठ भरलेली होती.