पहिल्या हाकेला दिलेली ओ

माझी मोठी बहीण चंद्रकांता वाचली आणि तिला मुलगी झाली. नाक बापाचं आलं, तेवढंच काय ते पुरात नुकसान.

पण गोष्ट सुरू होते तेव्हा यातलं काहीच अजून झालेलं नाही. त्र्याऐंशी सालचा भादवा आहे. वैनगंगा आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना आहे आणि चौथ्या बाजूला यायचा विचार करते आहे. सारं गाव शाळेच्या स्लॅबवर. शाळेत एवढी हजेरी पूर्वी कधी लागली नव्हती. कोपऱ्यात लुगड्यांचा आडोसा करून चंद्रकांताला निजवलं आहे. बाळंतपणाला माहेरी आली, ती नेमकी यंदा. गावची सुईण सीताबाई आडोशातून बाहेर येऊन माझ्या आईला सांगते, "गोदावरीबाई, लेकरू आडवं आहे. माह्या हातचं काम नाही. भंडाऱ्याले न्या."

न्यायला डोंगा पाहिजे, आणि डोंगा मागवायला डबा.

डबा म्हणजे बिनतारी संच. पाणी चढायच्या आधी होमगार्डचा इश्वर जीपमधून आला आणि एकेक डबा आमच्याकडे, टोलीच्या वस्तीवर आणि कारध्याला ठेवून गेला. टेलिफोनचे खांब तोवर पावसावाऱ्यानं आडवे झाले होते. आमच्या डब्याचा आवाज भंडाऱ्याला पोचत नव्हता, टोलीपर्यंतच जायचा. टोलीनं ऐकून कारध्याला सांगायचं, कारध्यानं नदीपलीकडे भंडाऱ्याला. इश्वर हे फार सावकाश समजावत होता. आम्ही म्हटलं, हे तर आमचं डुकराचंच काम. धान भरू लागलं की बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधल्या, मचाणांवर आम्ही जागलीला बसतो. एकाला डुक्कर दिसलं की तो हाक मारतो, दुसरा ती उचलून तिसऱ्याला देतो, आणि डुकराच्या आधी त्याची बातमी शिवेवर पोचते.

म्हणून डबे जागलीवाल्यांनाच मिळाले. टोलीवर बाबूलालमामांना, कारण त्यांच्यासारखे कान आसपास कोणाचे नाहीत. आमच्या गावात मला, कारण गावच्या दंडारीच्या नाटकात मी राक्षस होतो आणि मला माईक लागत नाही.

जागलीचा एकच नियम आहे. दिवस बुडाल्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. मेलेला एकदाच मारतो, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातो.

इश्वरचाही एकच नियम होता. "बटन दाबून एकदाच बोलायचं. मंग कान लावून बसायचं. बॅटरी सरकारची आहे."

दिवस बुडाला. मी बटण दाबून म्हटलं, "बाबूलालमामा, चंद्रकांता अडली आहे, डोंगा पाठवा." एकदाच. मचाणावर असतो तर तीनदा म्हटलं असतं. पण डब्यात बोलणं म्हणजे सरकारी काम, ते शिकवलं तसंच करावं लागतं.

डबा नुसता खरखरत राहिला. पाणी वर्गात शिरलं. खाली बाकं भिंतीवर आपटू लागली, कोणीतरी दार ठोठावावं तशी.

"टोली खालच्या अंगाले आहे," तुलाराम म्हणाला. हा माझा चुलतभाऊ, मला धीर द्यायला बसला होता. "मामा गेले असतीन."

"तू धीर देऊन राहिला का?"

"देऊनच राहिलो. बुडून मेलं का तरास नाही होत म्हणते."

आडोशातला चंद्रकांताचा आवाज आधी मोठा होता. मग बारीक झाला. मग आम्ही सगळे तो पुन्हा मोठा व्हायची वाट पाहू लागलो.

तेवढ्यात डबा बोलला.

"टेकचंद."

टेकचंद म्हणजे मी. आवाज बाबूलालमामांचा, पण ओला. बांधीपलीकडून यावा तसा. एकदाच.

दंडारीतला राक्षस दात वाजवत बसला. तुलाराम मागे सरकत स्लॅबच्या काठापर्यंत गेला. पुढे नदी होती म्हणून थांबला.

"तिसरी येऊ दे," तो तिथून म्हणाला. "तिसरी आली का मंग बोल."

दुसरीसुद्धा आली नाही.

आडोशातून सीताबाई म्हणाली, "पोरीचे हात थंडे पडून राहिले."

आई उठली आणि तिनं माझ्या हातातला डबा घेतला.

"आई, तुले नाही बलावलं. मले बलावलं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "कोठी दाबा लागते हे?"

मी बोट ठेवून दाखवलं. आईनं बटण दाबलं, म्हणाली, "ओ," आणि डोळे मिटून उभी राहिली.

तिला कोणी नेलं नाही. डब्यातून एक घाबरलेला म्हातारा आवाज आला, "कोण होय? जित्ती का मेली?"

"आतापर्यंत तं जित्ती आहो. तुमी?"

"मलेबी तसंच वाटून राहिलं."

"मंग डोंगा पाठवा, भाऊ. पोरगी अडली."

शब्द टोलीवरून कारध्याला गेला, कारध्याहून भंडाऱ्याला. ढिवर कोळ्यांचा डोंगा कंदील हलवत आला आणि चंद्रकांताला घेऊन गेला. त्यापुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

पाणी ओसरल्यावर मी टोलीवर गेलो. बाबूलालमामांनी डबा पापडासारखा उन्हात वाळत घातला होता.

"मामा, माही हाक नाही आयकली का?"

"आयकली ना. पण एकच आली. मले वाटलं, तुमचं गाव बुडालं आन टेकचंद मले न्यायले आला."

"म्हणून मंग तुमी मले हाक मारली."

"मी?" मामा म्हणाले. "मी कायले मारतो गा? मी तं डब्यावर घोंगडं टाकून बसलो होतो. तुह्या आईची ओ आली तवाच घोंगडं काढलं. मेलेला हाक मारते, ओ देत नाही."

मी परत आलो. आई अंगणात भिजलेलं धान पसरत होती. ती अजून आहे. फक्त दिवस बुडाला की हातातलं काम ठेवते, पदर नीट करते आणि दाराकडे तोंड करून बसते, कोणी न्यायला येणार असल्यासारखी. मी शेजारी बसतो. विनोद करतो. ती हसते, पण दाराकडे बघूनच.

तरी माननीय बिनतारी विभागास सविनय विनंती की, सदर संचावरून माझी आई गोदावरीबाई हिने दिलेली ओ ज्या कोणाकडे पोचली असेल त्याच्याकडून ती तात्काळ परत मागवण्यात यावी. आणि ते शक्य नसल्यास, मूळ हाक माझ्या नावाची असल्याने, सदर ओ आईच्या नावावरून कमी करून माझ्या नावे लावण्यात यावी.